वाघ्या, हात जोड!

कुत्र्याला करामत शिकवण्याचे जेवढे म्हणून व्हिडिओ आहेत, त्या सगळ्यांत मागे एक रिकामी खोली दिसते. गुळगुळीत फरशी, खिडकीतून येणारं ऊन, एक माणूस आणि एक कुत्रा. तिसरं कोणी नाही. तो माणूस हसत हसत सांगतो, की घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरा, एकच नियम पाळा, मग बघा कुत्रा कसा भराभर शिकतो ते. हा माणूस नक्की एकटा राहत असणार.

आमचं घर धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. घरात आई, बायको, मी, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांचा आठवीतला पोरगा. अंगणात दोन शेळ्या. ओट्यावर सकाळ-संध्याकाळ समोरचे निवृत्त गुरुजी. कुत्रा सगळ्यांचा. गावठी, तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि दुसऱ्याचं अजून ठरलेलं नाही. पिल्लू असताना पावसात आत आला, पाऊस थांबला तरी गेला नाही. कुलदैवत खंडोबा म्हणून आईने त्याचं नाव वाघ्या ठेवलं. पुतण्याने ठेवलं ब्रूनो. गुरुजी त्याला 'विद्यार्थी' म्हणतात, कारण निवृत्तीनंतर त्यांना दुसरा मिळालेला नाही. भावजय दिवसा 'हाड' म्हणते आणि रात्री गुपचूप दूधभाकरी घालते. यांपैकी कुठल्याच हाकेला तो येत नाही. शेंगदाण्याच्या डब्याचं झाकण निघालं, की मात्र गल्लीच्या टोकाहून येतो.

पुतण्याला खरं तर हस्की हवा होता. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि माणसंच ओल्या पंच्याखाली झोपतात, तिथे सायबेरियाच्या कुत्र्याला कुठल्या माठात ठेवणार? गुरुजींनी त्याला सोलापूर, लातूर, विजापूरकडची कारवानी आणि पश्मी कुत्री सुचवली. मुधोळचं कुत्रं तर २०२० साली थेट पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये जाऊन आलं. पण ही सगळी जात माळरानावर सशामागे धावायला घडलेली. तिला 'शेकहॅन्ड कर' म्हटलं, तर ती तुमच्या खांद्यावरून लांब क्षितिजाकडे बघत राहते. तेव्हा घरच्याच विद्यार्थ्यावर भागवायचं ठरलं.

करामत कोणती, यावर पहिली बैठक झाली. पुतण्याचं म्हणणं 'ठो'. म्हणजे आपण बोटांची बंदूक रोखायची आणि कुत्र्याने धाडकन आडवं पडून मेल्याचं सोंग घ्यायचं. तो तयारीला लागला तोच आई देवघरातून बाहेर आली.

"काय शिकवलालास रं त्याला?"

"मरायचं, आज्जी."

"जित्याजागत्या जनावराला मरायचं? ते बी शनवारी?"

'ठो' तिथेच बारगळला. भावाने राखण शिकवा म्हणून सांगितलं. भावजय म्हणाली, चपला न खाणं शिकवा. ही काही करामत नव्हे, असं पुतण्या म्हणाला, तेव्हा तिने खाल्लेल्या चपला आणून बैठकीपुढे ठेवल्या. गुरुजींची इच्छा, त्याने प्रार्थनेला रांगेत उभं राहावं. एकट्याची रांग कशी होणार, हा प्रश्न त्यांनी 'पुढे पटसंख्या वाढेल' म्हणून निकालात काढला. शेवटी आईनेच तोडगा दिला. दारात पाव्हणा आला, की वाघ्याने हात जोडावेत. संस्कारही झाले आणि करामतही. याला विरोध कोण करणार?

आता शब्द ठरवायचा होता. आमच्या जिल्ह्याला एकमताचं वावडं आहे असं कोणी समजू नये. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत मिळून खंडोबा एकच आहे. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपूरला राहतो, आणि दर वेळी देव हलवताना दोन्ही गावचे मानकरी बसून लेखी करार करतात. दोन गावं देवाच्या बाबतीत कागदावर येतात, तर एक घर कुत्र्याच्या बाबतीत का येऊ नये? म्हणून मीही करार लिहिला. खूण : दोन्ही हात जोडणे. शब्द : 'हात जोड'. बक्षीस : अर्धा शेंगदाणा, काम झाल्यावरच. सगळ्यांनी सह्या केल्या. कागद फ्रिजवर चिकटवला.

संध्याकाळपर्यंत आई 'पाया पड रं लेकरा' म्हणत होती, भाऊ 'नमस्ते', पुतण्या 'प्रे, ब्रूनो, प्रे' आणि गुरुजी 'वंदे गुरुजनम्'सारखं काहीतरी. वाघ्या प्रत्येकाकडे नीट बघायचा आणि ज्याच्या मुठीतून दाण्याचा वास येईल त्याच्यापुढे बसायचा.

खरं तर पद्धत सोपी आहे. दाणा कुत्र्याच्या नाकापुढे धरून हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. मान वर जाते, बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं, की त्याच क्षणी शाब्बासकी आणि दाणा. उशीर चालत नाही. तुम्ही डबा शोधेपर्यंत त्याने मधे कान खाजवला, तर बक्षीस कान खाजवण्याला मिळतं. बसणं पक्कं झालं, की एक पंजा हातावर, मग आडव्या धरलेल्या आपल्या हातावर दोन्ही पंजे, मग तो हात थोडा थोडा काढून घ्यायचा. रोज दोन-चार मिनिटं, त्याला कंटाळा यायच्या आत थांबायचं. वाढत्या पिल्लाला किंवा लांब पाठीच्या जातीला मागच्या पायांवर तोल धरायला लावू नये, कण्याला त्रास होतो. आमचा वाघ्या वाढून चुकलेला, पाठ आखूड, त्यामुळे अडचण नव्हती.

बक्षिसावरून दुसरी बैठक झाली. भाऊ द्राक्षबागायतदारांत उठणारा-बसणारा, त्याने खिसाभर बेदाणे आणले. ते आधी हिसकावून घ्यावे लागले, कारण द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. चॉकलेट आणि कांदाही वर्ज्य. आईला वाटत होतं, एवढं शिकणाऱ्याला कुंथलगिरीच्या खव्याचा पेढा तरी द्यावा. पेढ्यांचा पुडा फोडला आणि विद्यार्थ्याला साखर नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पुडा घरातल्यांनीच संपवला. तेवढा एकच ठराव आमच्या घरात बिनविरोध मंजूर झाला. वाघ्याच्या वाट्याला बिनमिठाचे, भाजलेले शेंगदाणे आले, तेही मोजके.

गुरुजींनी मात्र काम गंभीरपणे घेतलं. दुसऱ्या दिवशी ते पाठाचं टाचण काढूनच आले. घटक : नमस्कार. शैक्षणिक साहित्य : शेंगदाणे. पूर्वज्ञान : चपला खाणे. अध्यापन पद्धतीच्या रकान्यात त्यांनी 'छडी' लिहून कंसात 'गरजेपुरती' असं घातलं होतं. जर्मनीत १९१० साली कॉनराड मोस्ट नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने श्वानशिक्षणाचं पुस्तक लिहिलं आणि त्यात धाकाला चांगलं मानाचं पान आहे, हे पुतण्याने मोबाइलवर शोधून सांगितल्यावर तर गुरुजींचे डोळे पाणावले. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली, याचं दुःख ते आजवर उराशी धरून आहेत. कायद्यात कुत्र्याचा उल्लेख नाही, असा त्यांचा मुद्दा. आईने तो खोडून काढला.

"ओ गुरुजी, खंडोबाच्या पायाशी कोण असतंय? आन् दत्ताच्या मागं? देवाच्या कुत्र्याला काठी उगारताव व्हय?"

छडी टाचणातून गेली. 'ढकलपास' हा शेरा गुरुजींनी त्याच दिवशी आगाऊ लिहून ठेवला.

छडीच्या जागी बेडूक आला. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेतून पुतण्याने पत्र्याचा एक बेडूक आणला होता, पोटात दाबला की 'टिक' वाजणारा. ही क्लृप्ती भारी नामवंत आहे. रशियाच्या पावलोव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनावरच्या संशोधनासाठी. पण जग त्यांना ओळखतं ते खाण्याची नुसती चाहूल लागली तरी लाळ गाळणाऱ्या त्यांच्या कुत्र्यांमुळे. पुढे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या हाताखाली शिकलेल्या केलर आणि मॅरियन ब्रीलँड या नवराबायकोने हाच धागा धरून जनावरं शिकवण्याचा धंदा काढला. आधी 'टिक' म्हणजे खाऊ, हे जनावराच्या मनात बसवायचं. मग हवी ती हालचाल झाली रे झाली, की टिक. खाऊ दोन क्षण मागाहून आला तरी चालतो, कारण बरोबर काय केलं ते त्याला कळलेलं असतं.

या जोडप्याबद्दल मला फार आदर आहे, कारण त्यांनी १९६१ साली आपल्या फसलेल्या शिकवण्यांवरच एक निबंध लिहिला. रॅकून नावाच्या प्राण्याला त्यांनी नाणी पेटीत टाकायला शिकवलं. एक नाणं त्याने टाकलं. दोन दिल्यावर मात्र ती त्याच्या हातून सुटेनात. एकमेकांवर घासत, पेटीत बुडवून पुन्हा बाहेर काढत तो बसून राहिला. मी हे घरात वाचून दाखवलं, तेव्हा आई भावाकडे बघत होती.

बेडकाने आमच्याकडे वेगळाच घोळ केला. येरमाळ्याला गल्लीतली सगळीच पोरं गेली होती आणि सगळ्यांनी तोच बेडूक आणला होता. १९४४ साली नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकी छत्रीधारी सैनिकांकडे याच जातीचं खेळणं होतं. अंधारात एकाने एकदा वाजवायचं, समोरचा आपला असेल तर त्याने दोनदा. आमच्या गल्लीत ती शिस्त कुठली? वाघ्या नुसता उभा असला तरी शेजारच्या माडीवरून टिक. तो नळाच्या खड्ड्यात उतरला तरी पलीकडून टिक. दिवसभर चहूबाजूंनी 'शाब्बास, शाब्बास' ऐकून त्याची अशी समजूत झाली, की आपण जे करतो ते बरोबरच असतं. या अवस्थेतून माणूससुद्धा परत येत नाही.

तेवढ्यात धाकट्या शेळीने विषय उचलला. उस्मानाबादी शेळी. काळी, काटक, जुळ्या करडांसाठी देशभर नावाजलेली. टिक वाजलं की शेंगदाणा निघतो, हे वाघ्याच्या आधी तिला कळलं, आणि वर्ग सुरू झाला की ती दाव्यासकट हजर. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली शेळ्यांना कळ ओढून खाऊ काढायची पेटी दिली होती. बहुतेक शेळ्या ते शिकल्या आणि दहा महिन्यांनीही विसरल्या नाहीत. आमच्या शेळीला पेटी लागली नाही. ती थेट गुरुजींच्या खिशात तोंड घालायची. गुरुजींनी तिचं नाव हजेरीपटावर बहिःस्थ म्हणून घेतलं.

मोठी अडचण आईचीच होती. काम झाल्यावरच दाणा, हे तिला मुळात मान्य नव्हतं. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट तिने मला सुनावली. "नामदेव म्हाराजानं त्याला आधी हात जोडाया लावलं व्हतं का?" यावर मला उत्तर सुचेना. गुरुजींना सुचलं. "म्हणूनच तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्यानं ठोकून त्यांना कच्चं मडकं ठरवलं होतं की, आक्का." दोन दिवस आई गुरुजींशी बोलली नाही आणि वाघ्याला दाणे दुप्पट झाले.

एवढ्या गदारोळात वाघ्या नमस्कार शिकला. कसा, ते नंतर कळलं. भल्या पहाटे, बाकीचे झोपेत असताना, बायको सडा-रांगोळीला उठते तेव्हा तिने हे काम हातात घेतलं होतं. तेव्हा अंगणात बेडूक नसतो, गुरुजी नसतात, शेळीही रवंथ करत असते. कोणी जागं होऊ नये म्हणून तिने शब्द वापरलाच नाही. नुसते हात जोडायची, तो पंजे वर घ्यायचा, अर्धा दाणा, की झालं. शब्द सोडला, तर मला न विचारता तिने करार तंतोतंत पाळला होता. "अहो, कागद फ्रिजवरच तर होता," एवढंच ती म्हणाली.

शब्दापेक्षा हाताची खूण कुत्र्याला लवकर कळते. त्यातही आपलं गावठी कुत्रं या बाबतीत पोचलेलं. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतात. कधी कोणी न शिकवलेली ही कुत्रीसुद्धा माणसाने बोट दाखवलेल्या भांड्याकडे जातात, असं त्यांना दिसलं. जवळ यायला तयार झालेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के कुत्री बरोबर भांड्याशी गेली. आणखी एका अभ्यासात असं निघालं, की बोट दाखवणाऱ्याने एकदा फसवलं, तर मोठी कुत्री पुढच्या वेळी त्याचं फारसं मनावर घेत नाहीत. पिल्लांचं तसं नसतं. ही अक्कल रस्त्यावर वय वाढेल तशी येते.

नमस्कार आला, आणि मग घरातल्या बेशिस्तीने आपला खरा उपयोग दाखवला. शिकवताना दर वेळी दाणा द्यावा लागतो, पण शिकल्यावर तो अधूनमधून, बेभरवशाने दिला तर सवय जास्त चिवट होते, हे स्किनरने कबुतरांवर दाखवलं. आमच्याकडे याला कबुतर लागत नाही. उन्हाळ्यात नळाचं पाणी ठरलेल्या वेळी आलं असतं, तर बायामाणसं तेवढ्यापुरती उठली असती आणि दोन दिवस आलं नाही तर नाद सोडून टँकर मागवला असता. कधी येईल सांगता येत नाही, म्हणूनच तर रात्री अडीच वाजतासुद्धा कोणीतरी तोटी फिरवून बघतं. वाघ्याच्या नमस्काराचं तेच झालं. बायको द्यायची, भाऊ विसरायचा, आई एकाऐवजी मूठ भरून द्यायची, पुतण्या रील होईपर्यंत ताटकळत ठेवायचा. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला इतकं अचूक बेभरवशाचं वेळापत्रक बसवता आलं नसतं. नमस्कार त्याच्या हाडीमाशी भिनला. जोडलेले हात दिसले, की बसलाच पंजे वर करून. आरतीला, कीर्तनाला, टीव्हीवर निवेदिकेने नमस्कार केला तरी. आता तो मोडायचा कसा, याचं टाचण गुरुजींकडे नव्हतं.

अशात नगरपालिकेची निवडणूक लागली.

पहिला उमेदवार फाटकात आला तो हात जोडूनच. वाघ्या त्याच्यापुढे जाऊन बसला आणि पंजे वर घेतले. कार्यकर्त्यांनी मोबाइल काढले. व्हिडिओ चालू म्हणून उमेदवार हात सोडेना, दाणा आला नव्हता म्हणून वाघ्या पंजे सोडेना. दोघेही मोठ्या अपेक्षेने एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी उमेदवार हसत पुढच्या घरी गेला, तिथे पुन्हा हात जोडले, म्हणून वाघ्याही मागोमाग. असा तो अख्खा वॉर्ड फिरला. प्रत्येक उंबऱ्यापुढे बसला, उमेदवाराशेजारी पंजे जोडले. दिवेलागणीला परत आला तो उपाशी. "पहिल्याच प्रचारात सगळं शिकला," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विरोधातला उमेदवार आला. हात आदल्या दिवशीच्यापेक्षा वर, कपाळाला टेकलेले. वाघ्याने हातांकडे बघितलं, मग खिशाकडे बघितलं, आणि आईच्या पायाशी जाऊन पडला. उमेदवाराचा चेहरा उतरला. पण त्याच्या बरोबरचा एक पोरगा हुशार निघाला. कालचा व्हिडिओ त्याने पाहिला असावा. खिशातून ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा काढून त्याने नुसता फाडला, तर वाघ्या उठून बसला आणि पंजे जोडून मोकळा. मोबाइल वर झाले, घोषणा सुरू झाल्या, एवढ्यात ओट्यावरून गुरुजी उठले.

"थांबा! आचारसंहिता लागलेली आहे. मतदाराला खायला घालताय?"

"गुरुजी, कुत्रं हाय की हो ते."

"ते दिसतंय मला. आपल्या वॉर्डाची यादी बघितलीय का तुम्ही? नाव निघालं म्हणजे?"

पोरगा क्षणभर थबकला. मग त्याने मतदारयादी चाळायला पुडा ओट्यावर ठेवला. शेळी तिथेच होती.